शाश्वततेचे आंतरविद्याशाखीय पदवी शिक्षण : भेस्तान परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
'शाश्वत विकास' ही संज्ञा १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे जगभर रूढ झाली. आजच्या पिढीच्या गरजा भागाव्यात, पण त्यासाठी पुढील पिढ्यांच्या वाट्याचे संपू नये, हा तिचा आशय होय. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा आदेश दिला. त्यातून पुढे सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम आला. त्यामुळे विषयाची ओळख झाली. परंतु एका प्रश्नपत्रिकेतून प्रश्न सोडविण्याची क्षमता येत नाही. त्यासाठी संपूर्ण पदवी का हवी, हे भेस्तानच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

भेस्तानचा प्रश्न :
सुरतच्या दक्षिणेस उधना आणि सचिन यांच्या दरम्यान भेस्तान वसले आहे. लगतच्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीत कापड रंगविण्याच्या व छपाईच्या अनेक गिरण्या आहेत. पॉलिस्टर कापडात रंग मुरण्यासाठी साधारण १३० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यासाठी वाफ हवी, वाफेसाठी बॉयलर आणि बॉयलरसाठी बहुधा कोळसा. म्हणजे साडीचा रंग, चिमणीचा धूर आणि नाल्यातील सांडपाणी ही एकाच प्रक्रियेची तीन रूपे आहेत. या गिरण्यांवर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी मार्गाच्या रेल्वेने आलेल्या अनेक मराठी कुटुंबांची चूल पेटते. गिरणी बंद करा म्हणणे सोपे आहे. पण मग चूल विझते. गिरणी जशी आहे तशी चालू द्या म्हटले, तर त्याच घरातील मुलांच्या छातीत धूर जातो.

विद्याशाखांचा संगम :
या पेचातून वाट काढण्याचा एक प्रयत्न २०१९ साली सुरतमध्ये झाला. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोळसा जाळणाऱ्या अनेक कारखान्यांसाठी सूक्ष्म धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू केला. पूर्वीचा नियम धुरातील धुळीच्या प्रमाणावर होता; येथे एकूण किती धूळ सोडायची यावर मर्यादा आली. ज्याने धूळ कमी सोडली, त्याने उरलेले परवाने विकायचे. ज्याची जास्त झाली, त्याने ते विकत घ्यायचे. या बाजारात सहभागी नसलेल्या कारखान्यांशी तुलना केली असता येथील उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले.

हे यश कोणत्या विषयाचे? चिमणीतील मापकयंत्र अभियंत्याचे, परवान्याची कल्पना अर्थशास्त्रज्ञाची, दंडाची तरतूद कायद्याची, तर तुलनेची पद्धत संख्याशास्त्राची. यापैकी एक कडी निसटली असती, तर साखळी तुटली असती. तरीही एक प्रश्न उरतोच. एकूण धूळ घटली, म्हणून प्रत्येक वस्तीतील धूळ सारखीच घटली असे होत नाही. ते जाणण्यासाठी वस्तीत जाऊन, तेथील भाषेत बोलणारा समाजशास्त्राचा व आरोग्याचा अभ्यासक लागतो.

अभ्यासक्रमाची रचना :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. तीन वर्षांसाठी १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्ससाठी १६० श्रेयांक असून विषयांची सांगड घालण्यास त्यात वाव आहे. परंतु थोडे रसायन, थोडे अर्थशास्त्र आणि थोडा कायदा एकत्र केल्याने आंतरविद्याशाखीय शिक्षण होत नाही. ती केवळ खिचडी होते. असा पदवीधर सर्व विषयांवर बोलतो, पण पाण्याचा नमुना तपासू शकत नाही. म्हणून तीन गोष्टी आवश्यक ठरतात : एका विषयाचा सखोल पाया, इतर विषयांची परिभाषा समजण्याइतकी तयारी आणि दरवर्षी एका स्थानिक प्रश्नावर सामूहिक क्षेत्रकार्य. बमरोली येथे २०१४ पासून शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसराच्या उद्योगांना पुरविले जाते. त्याचा खर्च, गुणवत्ता आणि वापर हा एका सत्राचा उत्तम विषय ठरेल.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबरच मराठी व उर्दू माध्यमाच्याही शाळा चालवते. येथून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी परिभाषा शिकावी लागेल. परंतु कामगाराशी बोलण्यासाठी लागणारी भाषा त्याच्याजवळ आधीच आहे. क्षेत्रकार्यात ती उणीव नव्हे, भांडवल आहे.

निष्कर्ष :
ज्या घरांनी गिरणीचा धूर सोसला, त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी उद्या त्या चिमणीचे माप घेणारी, हिशेब तपासणारी आणि नियम घडविणारी व्हावी, हीच या पदवीची खरी कसोटी होय.