दोन औषधे, तीन गट

कातडीला रंग देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाला मेलॅनोमा म्हणतात. आपल्याकडे तो क्वचित आढळतो, गोऱ्या वर्णाच्या लोकांत अधिक. वेळीच कापून काढला तर रोगी बहुधा बरा होतो. पण तो फुप्फुसात, यकृतात, मेंदूत पसरला की २०११ पूर्वी निम्म्याहून अधिक रोगी वर्षही काढत नसत.

आपल्या रक्तातील टी-पेशी कर्कपेशींना मारू शकतात. मात्र त्यांनी आपल्याच शरीरावर उलटू नये म्हणून त्यांना आवरणारी प्रथिने असतात. सीटीएलए-४ हे एक, पीडी-१ हे दुसरे. सायकलचे पुढचा आणि मागचा असे दोन ब्रेक समजा. इपिलिमुमॅब हे औषध पहिला ब्रेक सोडवते, निवोलुमॅब दुसरा. (ही प्रथिने काय करतात हे शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.) मग दोन्ही ब्रेक एकदम सोडले तर?

हे पाहण्यासाठी २०१३ मध्ये 'चेकमेट ०६७' ही चाचणी सुरू झाली. ९४५ रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले. एकाला दोन्ही औषधे, दुसऱ्याला फक्त निवोलुमॅब, तिसऱ्याला फक्त इपिलिमुमॅब. जोडीची तुलना नुसत्या इपिलिमुमॅबशी केली असती तर काय अडले असते? वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहा. जोडी सरस ठरली, तरी ते श्रेय जोडीचे की एकट्या निवोलुमॅबचे, हे कळले नसते. एकच औषध मिळणाऱ्यांना दुसऱ्याच्या जागी निरुपद्रवी द्रावण शिरेतून दिले जाई. कोणाला काय मिळाले हे रोग्याला किंवा डॉक्टरला ठाऊक नसे. मुळीच औषध न देण्याचा गट नव्हता. उपयोगी औषध हाती असताना ते नाकारणे योग्य नव्हते.

दहा वर्षांनंतरचा हिशेब २०२४ मध्ये आला. जोडीच्या गटात शंभरातील ४३ जण हयात असावेत असा अंदाज निघाला, निवोलुमॅबच्या गटात ३७ आणि इपिलिमुमॅबच्या गटात १९. आता दुसरी बाजू पाहा. २०१५ च्या पहिल्या अहवालात गंभीर दुष्परिणाम याच क्रमाने शंभरात ५५, १६ आणि २७ जणांना झाले होते. आतड्याला सूज, यकृताचा दाह. ब्रेक नसलेली सायकल उतारावर कशी पळते ते आपण जाणतोच. शिवाय चाचणीची आखणी इपिलिमुमॅबशी तुलना करण्यासाठी होती. ४३ आणि ३७ यांतील फरकावर ती ठाम निवाडा देत नाही. म्हणून जोडी द्यायची की एकच औषध, हे आजही रोग्यागणिक ठरवावे लागते.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित. दुष्परिणामांमुळे सुरुवातीलाच जोडी थांबवावी लागलेल्या रोग्यांनाही, औषध पुढे चालू राहिलेल्यांइतकाच लाभ झालेला दिसला.