ईआरपीची पन्नास वर्षं

आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली जर्मनीत सॅप ही कंपनी काढली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होतं आयसीआय या रसायन कंपनीचा नायलॉनचा कारखाना. खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकाच प्रणालीत जोडणाऱ्या अशा सॉफ्टवेअरला ‘ईआरपी’ (एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग) हे नाव मात्र १९९० साली गार्टनर या सल्लागार संस्थेने दिलं. १९९२ मध्ये सॅपची आर/थ्री प्रणाली आली, मेनफ्रेमची गरज संपली आणि मधल्या आकाराच्या कंपन्यांनाही हे प्रकरण आवाक्यात वाटू लागलं.

त्या वेळी आपल्याकडच्या कारखान्यांत स्टोअर्समध्ये बिन कार्ड असायचं, अकाउंट्सकडे लेजर आणि एक्साइजसाठी आरजी-२३ रजिस्टर. एकाच मालाच्या तीन नोंदी तीन हातांनी व्हायच्या आणि त्यांचा मेळ लागायचा महिनाअखेरीला, तोही लागलाच तर. ईआरपीने हे बदललं. गेटवर माल उतरून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाली, की साठा वाढतो आणि पुरवठादाराचं देणं खात्यात उभं राहतं. ऑर्डर, आवक आणि बिल जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. न आलेल्या मालाचं बिल किंवा एकाच बिलाचे दोनदा पैसे, या जुन्या गळत्या त्यामुळे बऱ्याच आटोक्यात आल्या. माझ्या मते ईआरपीचा सर्वांत मोठा फायदा हाच. वरिष्ठांच्या पडद्यावरच्या रंगीत आलेखांना मी त्यानंतरचं स्थान देईन.

तोटाही त्याच नोंदीतून निघतो. स्टोअर्समध्ये दहा नगांऐवजी दहा पेट्या नोंदल्या, तर ती चूक त्याच क्षणी खरेदीत, उत्पादनात आणि हिशेबात जाऊन बसते. पूर्वी ती एका वहीत अडकून पडायची.

१९९९ साली अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीला याचा मोठा फटका बसला. वर्ष २००० चा संगणकीय पेच समोर होता, जुन्या प्रणाली बदलायच्या होत्या. सॅपसह तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकदम बसवायचं ठरलं, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत आणलं गेलं. तरीही एप्रिलचा मुहूर्त हुकला आणि जुलैमध्ये, हॅलोविनच्या ऑर्डरी येऊ लागल्या असताना, प्रणाली सुरू झाली. हंगामात माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तात्पुरत्या जागा तिच्यात नोंदलेल्याच नव्हत्या. चॉकलेट तयार होतं, पण ते आहे हे प्रणालीला ठाऊक नव्हतं. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. पुढे २००२ मध्ये याच कंपनीने सॅपचीच नवी आवृत्ती वर्षाच्या आत, ठरल्यापेक्षा कमी खर्चात बसवली. म्हणून १९९९ च्या नुकसानीचं खापर सॉफ्टवेअरवर फोडणं मला पटत नाही. दोष घाईचा आणि अपुऱ्या तयारीचा होता.

लिडल या जर्मन दुकानसाखळीची गोष्ट वेगळी. ती साठ्याचं मूल्य खरेदी दराने धरत आली होती, तर सॅपची किरकोळ विक्रीची प्रणाली विक्री दर धरून चालणारी. आपली रीत न सोडता सॉफ्टवेअर वाकवत राहण्यात सात वर्षं गेली. अंदाजे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला.

आपल्याकडे छोट्या उद्योगांना संगणकीय नोंदींच्या या वाटेवर आणलं ते कायद्याने. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीसाठी सक्तीचं झालेलं ई-इन्व्हॉइस ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींच्या उंबरठ्यावर आलं. एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं बंधनकारक झालं. भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपलाही आता संगणकातल्या नोंदीपासून सुटका नाही.

सॅपच्या जुन्या ईसीसी प्रणालीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपते आहे, त्यामुळे नव्या आवृत्तीकडे जाण्याची धावपळ पुन्हा सुरू आहे. तुमच्या कंपनीत हे काम निघालं असेल, तर दोन गोष्टींसाठी आग्रह धरा. गो-लाइव्हची, म्हणजे नवी प्रणाली सुरू करण्याची तारीख ऐन हंगामात घेऊ देऊ नका. आणि खर्चाला कात्री लागेल तेव्हा स्टोअर्स आणि डिस्पॅचच्या माणसांचं प्रशिक्षण सोडून बाकी काहीही कापा.