संगणक जाळ्याचा नाका आणि नियमांचा क्रम

भंडारा जिल्ह्यात वनोपज तपासणी नाका कोणास नवा नाही. बांबू किंवा तेंदूपत्ता घेऊन निघालेला ट्रक थांबतो. माल कोणता, कोठून निघाला, कोठे चालला हे परवान्यावरून पाहिले जाते आणि मगच आडवा बांबू वर जातो. शासकीय कार्यालयांच्या संगणक जाळ्याच्या तोंडाशी असाच एक नाका उभा असतो. त्यास फायरवॉल म्हणतात. सातबारा उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, विविध दाखले यांचे काम आता या जाळ्यावरून चालते. त्यामुळे हा नाका कसा चालतो, हे केवळ तंत्रज्ञानेच जाणावे असे राहिलेले नाही.

फायरवॉलवरील प्रत्येक नियमात मुख्यतः चार गोष्टी असतात : माहिती कोठून येते, कोठे जाते, कोणत्या सेवेसाठी जाते आणि तिला परवानगी द्यावयाची की नकार. बहुतेक फायरवॉल हे नियम वरून खाली वाचतात. जो नियम प्रथम लागू पडेल त्याप्रमाणे निर्णय होतो. त्याखालचे नियम मग पाहिलेच जात नाहीत. ज्यास एकही नियम लागू पडत नाही, ते अखेरीस नाकारले जाते. नियम कोणता आहे याइतकेच तो कोठे आहे यास महत्त्व येते ते यामुळे.

उदाहरणादाखल एका तहसील कार्यालयाची कल्पना करावी. बाहेरून कोणीही कार्यालयातील संगणक चालवू नये, असा नियम तेथे आहे. एके दिवशी संगणक प्रणाली दुरुस्त करणाऱ्यास एक दिवसापुरता दूरस्थ प्रवेश हवा असतो. घाईत ‘कोठूनही, सर्व संगणकांकडे, सर्व सेवांस परवानगी’ असा नियम यादीच्या शिरोभागी घातला जातो. काम होते, माणूस जातो, नियम मात्र तसाच राहतो. खालचा मनाईचा नियम यादीत जसाच्या तसा दिसतो. पण त्याच्यापर्यंत आता काहीच पोहोचत नाही. वरवर यादी पाहणाऱ्यास सर्व ठीक वाटावे, हाच यातील खरा धोका होय.

याच्या उलट चूकही घडते. सेवा केंद्रासाठी नवा परवानगीचा नियम करावा आणि तो ‘सर्व नाकारा’ या नियमाच्या खाली पडावा! नियम अचूक असूनही दाखला निघत नाही. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना कालमर्यादा घालून दिली आहे. नागरिकाचे दिवस मात्र येथे विनाकारण जातात. काही फायरवॉलमध्ये नियमास मिळणारा क्रमांक ही त्याची ओळख असते, यादीतील जागा नव्हे. क्रमांक पाहून समाधान मानणारा अधिकारी येथे फसतो.

म्हणून विशिष्ट नियम वर आणि व्यापक नियम खाली, असा साधारण प्रघात आहे. तात्पुरत्या परवानगीत ठरावीक पत्ता, ठरावीक संगणक आणि ठरावीक सेवा एवढेच असावे. शक्य तेथे समाप्तीची तारीखही घालावी. नियम कोणी मागितला व कशासाठी, हे लिहून ठेवावे. बदलापूर्वी जुन्या यादीची प्रत घ्यावी. आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. पुष्कळ फायरवॉलवर मनाईचा नियम घातल्यानंतरही आधीपासून सुरू असलेली जोडणी चालूच राहते. ती स्वतंत्रपणे तोडावी लागते.

मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने जगभरातील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. फायलींच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या 445 क्रमांकाच्या पोर्टवरून ती पसरली. हे पोर्ट बाहेरील जगास खुले ठेवण्याचे कारण तहसील कार्यालयास क्वचितच असेल. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यामुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तो उपद्रव युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून, म्हणजे विश्वासाच्या वाटेने, शिरला आणि मग जाळ्यांच्या आत फैलावला. तात्पर्य, वेशीवरचा नाका पुरत नाही. लेखा शाखेचे संगणक आणि अभ्यागतांसाठीचे वायफाय यांच्यामध्येही नियम हवेत.

यादीचे पुनरावलोकन करताना प्रत्येक नियम किती वेळा वापरला गेला, हा आकडा पाहावा. महिनोन्‌महिने शून्यावर असलेला नियम एक तर निरुपयोगी असतो, नाही तर वरच्या एखाद्या नियमाने झाकलेला असतो. नोंदी जपणे हे आता कर्तव्यच आहे : ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निदेशांनुसार शासकीय संस्थांनीही 180 दिवसांच्या नोंदी जतन करावयाच्या असून निर्दिष्ट सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवावयाची असते.