अस्थिबल आणि बदलते श्रमजीवन : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

हाड म्हणजे शरीराला आधार देणारी निर्जीव चौकट होय, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः हाड ही सजीव ऊती असून तिची मोडतोड व उभारणी आयुष्यभर चालू असते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवितात आणि अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग याप्रमाणे दरवर्षी नवा होतो. या देवघेवीत उभारणीपेक्षा मोडतोड अधिक झाली, म्हणजे हाडे सच्छिद्र व ठिसूळ होतात. यासच अस्थिसुषिरता म्हणतात.

उभारणी कोठे व किती व्हावी, हे मुख्यतः हाडावर पडणारा भार ठरवितो. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ याने 1892 साली हे तत्त्व मांडले. हाडाला किंचित बाक आला की त्यातील सूक्ष्म नलिकांतील द्रव हलतो. ही हालचाल आत रुतून बसलेल्या अस्थिपेशी टिपतात व उभारणीचा संकेत देतात. मात्र हा संकेत लवकर पुरा होतो. रुबिन व लॅनियन यांनी 1984 साली कोंबड्याच्या पंखातील हाडावर प्रयोग केले. त्यांत दिवसातून 36 वेळा दिलेल्या भाराने जेवढे हाड वाढले, त्याहून अधिक वाढ शेकडो वेळा भार देऊनही झाली नाही. तात्पर्य, हाडाला दीर्घ श्रमापेक्षा थोडा, पण जोरकस व बदलता भार मानवतो. पोहणे किंवा सायकल चालविणे हृदयाला हितकर असले, तरी उडी मारणे, जिने चढणे व वजन उचलणे यांचा हाडांवर होणारा परिणाम त्यांनी साधत नाही.

या दृष्टीने वसई-विरारचा पट्टा विचारात घेण्याजोगा आहे. उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस वसईची खाडी यांच्यामधील या भूभागात केळी, पानवेली, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या, अर्नाळा व पाचूबंदर येथील कोळीवाडे आणि खाडीकाठची मिठागरे यांवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांचा निर्वाह झाला. भाजीच्या व मासळीच्या पाट्या डोक्यावरून वाहणे, विहिरीचे पाणी शेंदणे, वाडीत वाकून खुरपणे ही कामे स्त्रियांच्या नित्याची होती. 2009 साली चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून येथे महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. आज येथील असंख्य माणसे पहाटे लोकलने मुंबईकडे निघतात, दिवसभर बैठे काम करतात व दिवेलागणीनंतर परततात. शरीर थकते खरे; पण गर्दीत ताटकळत उभे राहण्याचा शीण हा हाडांचा व्यायाम नव्हे.

यावरून जुन्या कष्टकरी स्त्रियांची हाडे भक्कमच होती, असे अनुमान मात्र काढता येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील वीणा शत्रुघ्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी 30 ते 60 वर्षे वयाच्या अल्प उत्पन्न गटातील स्त्रियांची तपासणी केली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे 29 टक्के स्त्रियांच्या मांडीच्या हाडाच्या मानेत अस्थिसुषिरता आढळली. या वर्गातील स्त्रियांच्या वाट्याला श्रम कमी येत नाहीत. उणीव असते ती अन्नाची. भार हा केवळ संकेत होय. उभारणीचे साहित्य आहारातूनच यावे लागते. उलटपक्षी, साहित्य असून संकेत नसेल, तर तेही व्यर्थ जाते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 साली प्रौढांसाठी कॅल्शियमचे दैनिक प्रमाण 600 मिलिग्रॅमवरून 1000 मिलिग्रॅमपर्यंत वाढविले. सडलेल्या तांदळात कॅल्शियम अत्यल्प असते. त्यामुळे भाताची बाजू कालवणाने सावरावी लागते. 100 ग्रॅम दुधात सुमारे 120, तर तेवढ्याच नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नाचणीला मोड आणल्यास ते अधिक शोषले जाते. किनाऱ्यावरचा सुका बोंबील व जवळा हे काट्याकवचासह खाल्ले जात असल्याने कॅल्शियम व प्रथिने या दोन्ही दृष्टींनी मोलाचे आहेत. खारवलेल्या मासळीतील मिठामुळे मूत्रावाटे कॅल्शियम अधिक जाते. परंतु बोंबील व जवळा बहुधा मीठ न लावताच उन्हात वाळवितात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते. त्याच्या अभावी मुलांस मुडदूस व प्रौढांस अस्थिमृदुता जडते. त्वचेत ते निर्माण करणारे अतिनील किरण दुपारच्या सुमारास प्रखर असतात; सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते फार थोडे असतात व खिडकीची काच त्यांना अडविते. म्हणून वर्षातील आठ महिने लख्ख ऊन असलेल्या या किनाऱ्यावरही नोकरदार माणूस उन्हाला पारखा होऊ शकतो.

या तिन्ही गोष्टींचे महत्त्व वयानुसार कमी-अधिक होते. पौगंडावस्थेत उंची सर्वाधिक वेगाने वाढते, त्या सुमाराच्या अवघ्या दोन वर्षांत प्रौढ अस्थिभाराचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. तिशीच्या आसपास ही बेरीज संपते. नेमक्या याच वयात परीक्षांच्या धास्तीने मुलींचे खेळ सुटतात. हे नुकसान पुढे पूर्णतः भरून निघणे दुष्कर होय. रजोनिवृत्तीनंतर स्त्री-संप्रेरकाच्या अभावी पाच-सात वर्षांत हाडांचा दहा टक्के किंवा त्याहून अधिक भाग झिजू शकतो. तथापि तेव्हाही उपाय संपत नाहीत. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत (2018) अस्थिघनता कमी असलेल्या रजोनिवृत्त स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजने उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याची घनता वाढली. हलका व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची मात्र घटली. वार्धक्यात यास तोल सावरण्याच्या व्यायामाची जोड हवी. कारण हाड बहुधा पडण्याने मोडते.

पूर्वी भार व ऊन ही उपजीविकेबरोबर न मागता मिळत आणि अन्न मात्र अपुरे पडे. आज अन्नाची सोय अनेक घरांत झाली असता भार व ऊन ही हरपली आहेत. वसईतील एकाच घरात वाडीत राबलेली आजी, लोकलने नोकरीस जाणारी आई व शाळकरी नात या तिघी आढळतात. त्यांच्या श्रमाचा, आहाराचा व अस्थिघनतेचा तुलनात्मक अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा, इतका तो विषय समीप व निकडीचा आहे. नातीच्या शाळेचे मैदान व मधल्या सुट्टीचे ऊन राखणे, हा त्यातील पहिला व्यावहारिक उपाय ठरावा.