उद्याचा घोर, आजचे काम

‘काळजी करू नका’ असे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. घरात दुखणे असो, मुलाच्या नोकरीचे काही खरे नसो. येणारा-जाणारा हेच सांगतो, आपणही मान डोलावतो. रात्री पाठ अंथरुणाला टेकली की काळजी उशाशी हजर! मग ख्रिस्ती माणूस ‘चिंता देवावर टाका’ म्हणतो, त्यात निराळे ते काय?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला आपण ऐकला असेल. तो दाखला येशूने कोणाला दिला, हे मात्र आपण विसरतो. गालीलातले कोळी, शेतकरी, रोजावर राबणारे लोक त्याच्यामागे येत. उद्याचे पीठ घरात असेलच याची ज्यांना खात्री नाही, अशांना सांगितलेली ही गोष्ट आहे. भरल्या पोटाचा उपदेश नव्हे हा.

या शिकवणीचा एक विपरीत अर्थही काढतात, की श्रद्धावंताने उद्याचा विचारच करू नये. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात या जागी जो शब्द आहे, त्याचा आजचा अर्थ ‘विचार’ असा आहे. त्या काळी तो ‘काळजी’ या अर्थानेही चाले. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मनाला लागलेल्या घोराकडे आहे. बियाणे राखून ठेवू नका, असे काही येशूने शेतकऱ्याला सांगितलेले नाही.

हा फरक नुसता वाचून पटत नाही. त्यासाठी पंडिता रमाबाईंकडे पाहावे. काळजीने खचावे असे त्यांच्या आयुष्यात थोडे का होते? १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते अमेरिकेतल्या मित्रांच्या दहा वर्षांच्या मदतीच्या भरवशावर. ही मुदत १८९८ ला संपणार, हे बाईंना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी आधीच पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली, फळझाडे लावली. पुढे बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे हा बेत. पाहा, हा विचार झाला. चिंता नव्हे.

बेत मात्र बेताप्रमाणे घडला नाही. १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो अनाथ मुली-बायकांना घेऊन आल्या. इतक्या तोंडांना बाग कशी पुरणार? ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. म्यूलर कोणाकडे पैसा मागत नसत. प्रार्थना करीत आणि पैपैचा हिशेब ठेवीत. रमाबाईंनीही तो मार्ग धरला. मुक्ती सदनात प्रार्थना होती, तशा विहिरीही खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना आला. जे आपल्या हाती नाही ते देवाच्या हाती देऊन मोकळे झालेले हात कामाला लागले, एवढेच मी म्हणेन.

आता आपण विचाराल, द्यायचे म्हणजे करायचे काय? पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात याची रीत आहे, आणि ते पत्र त्याने कैदेतून लिहिले. आपली गरज देवापुढे नाव घेऊन मांडावी आणि मिळालेल्याचे उपकार मानावेत. नाव घेण्याला महत्त्व आहे. ‘माझे कसे होणार?’ या घोराला अंत नसतो. ‘शनिवारी दुकानदाराचे पैसे द्यायचे आहेत’ याला असतो. शनिवारचे नाव घेतले की शुक्रवारी काय करायचे तेही सुचते.

एक मात्र अवश्य सांगितले पाहिजे. काळजीत बुडालेल्या माणसाला ‘तुझा विश्वासच कमी’ म्हणून हिणवू नये. महिना-महिना झोप नाही, अन्न गोड लागत नाही, असे असेल तर डॉक्टरांकडे जावे. त्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. खुद्द येशू अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला होता. त्याने प्रार्थना केली, आणि तिघा शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. ते बिचारे झोपी गेले, ही गोष्ट वेगळी.