डंपरच्या पंपाचं सील बदललं तरी ऑइल गळतच राहतं, असं का होतं?

खडी क्रशरवर किंवा रस्त्याच्या कामावर उभ्या असलेल्या डंपरखाली ऑइलचा डाग दिसणं ही तशी रोजची गोष्ट. ड्रायव्हर मिस्त्रीला बोलावतो, मिस्त्री पंप खोलतो, ‘ऑइल सील गेलंय’ म्हणतो, नवीन सील बसवतो आणि गाडी पुन्हा खेपांना लागते. पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा डाग. मग तिसरं सील. मग ‘डुप्लिकेट माल दिला’ म्हणून दुकानदाराशी भांडण.

सील तसं स्वस्तात येतं. पण ते बदलायचं म्हणजे गाडी उभी राहते, खेपा बुडतात, ऑइल पुन्हा भरावं लागतं आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून एक गोष्ट समजून घेणं फायद्याचं आहे. सील वारंवार जात असेल, तर बिघाड बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. सील फक्त त्याचा पहिला मार खातं.

हौदा वर जातो कसा?

डंपरच्या गिअरबॉक्सला पीटीओ, म्हणजे पॉवर टेक-ऑफ, जोडलेला असतो. ड्रायव्हरने तो लावला की इंजिनची ताकद हायड्रॉलिक पंपाकडे जाते. या पंपात बऱ्याचदा दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात आणि टाकीतलं ऑइल ओढून जॅककडे ढकलतात. जॅक लांब होतो आणि मालाने भरलेला हौदा उचलला जातो.

हे काम करताना ऑइलचा दाब साधारण १५० ते २०० बारपर्यंत जातो. ट्रकच्या टायरमधली हवा असते ७-८ बारची. म्हणजे टायरच्या वीसपट दाब या पाइपांमधून खेळत असतो.

एवढा दाब एक रबराचं सील कसं अडवतं?

खरं तर ते अडवतच नाही. गोंधळ इथेच होतो.

दाबाखालची गळती ही फार जुनी डोकेदुखी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हाही अडचण गळतीचीच होती. त्यांच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्ले यांनी चामड्याच्या वाटीसारखं सील वापरून ती सोडवली. दाब वाढला की त्या वाटीची कड फाकते आणि आपोआप घट्ट बसते. डंपरच्या जॅकमधली सीलं आजही याच तत्त्वावर चालतात.

पंपाच्या शाफ्टचं सील मात्र वेगळं. हा शाफ्ट मिनिटाला शेकडो फेरे घेतो. त्याच्यावर रबर जोरात दाबलं, तर घासून जळून जाईल. म्हणून इथे रबराची पातळ कड आणि तिच्यामागे एक बारीक गोल स्प्रिंग एवढंच असतं. शाफ्टच्या बाजूने झिरपलेलं ऑइल पंपाच्या आतल्या वाटेने परत टाकीकडच्या, म्हणजे कमी दाबाच्या, बाजूला वळवलेलं असतं. सीलला जास्त दाब सोसावा लागू नये, अशीच ही रचना आहे. तरीही ते फाटत असेल, तर या रचनेत कुठेतरी गडबड झालेली असते.

आधी गळती नेमकी कुठून आहे ते शोधा

पंप ओला दिसला म्हणून सीलच गेलं असं नाही. वरच्या होज पाइपाच्या जोडातून सुटलेलं ऑइल ओघळत पंपावर येतं. म्हणून पंप आणि आसपासचा भाग आधी धुऊन कोरडा करायचा, मग थोडा वेळ काम करून ओल पहिल्यांदा कुठे दिसते ते बघायचं.

ऑइल कोणतं आहे, हेही पाहा. जाड, उग्र वासाचं असेल तर ते गिअर ऑइल असण्याची शक्यता जास्त. म्हणजे गळतोय तो पीटीओ, पंप नाही.

पंप थेट पीटीओवर बसवलेला असेल, तर आणखी एक फसवी शक्यता असते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही, पण हायड्रॉलिक टाकीची पातळी उतरत जाते आणि गिअरबॉक्समधली चढत जाते. सीलमधून सुटलेलं ऑइल आतल्या आत गिअरबॉक्समध्ये जात असतं. हे दुर्लक्षित राहिलं, तर पातळ झालेलं गिअर ऑइल गिअर आणि बेअरिंग दोन्ही खातं.

सील पुन्हा पुन्हा का जातं?

शाफ्टला चर पडलेला असतो. सीलची कड वर्षानुवर्षं एकाच जागी घासते. नखाने चर जाणवत असेल, तर नवं सीलही तिथे टिकणार नाही.

बेअरिंग किंवा बुश झिजलेलं असतं. शाफ्ट हाताने हलवल्यावर खेळ जाणवला, की समजायचं तो फिरताना डोलतोय. रबराची कड त्याच्या मागे धावू शकत नाही.

टाकीचा ब्रीदर तुंबलेला असतो. हौदा खाली येतो तेव्हा ऑइल टाकीत परततं आणि आतली हवा ब्रीदरमधून बाहेर पडते. खडीच्या धुळीने तो बंद झाला, तर टाकीत दाब साठतो आणि तो थेट सीलपर्यंत पोहोचतो. मोठ्या खर्चाआधी ही छोटी वस्तू साफ करून पाहावी.

पंप उलट दिशेचा असतो. काही पंप उजवीकडे फिरण्यासाठी बनतात, काही डावीकडे. चुकीचा बसवला, तर कमी दाबाच्या बाजूला जास्त दाब येतो आणि सील लगेच बाहेर फेकलं जातं.

ऑइल तापतं. हौदा खाली आल्यावर पीटीओ काढायला विसरून गाडी रस्त्यावर पळवली, तर पंप विनाकारण जोरात फिरत राहतो. ऑइल सतत ८० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागलं, की सीलचं नेहमीचं नायट्राइल रबर कडक होतं आणि त्याला तडे जातात.

बसवतानाच चूक होते. शाफ्टच्या दात्यांवरून सील तसंच ढकललं, तर त्याची कड कापली जाते. दात्यांवर टेप गुंडाळून, कडेला ऑइल लावून आणि सीलच्या मापाच्या गोल तुकड्याने सारखा दाब देत ते बसवावं लागतं. थेट हातोडीने ठोकलेलं सील तिरकं बसतं.

या दोन चुका जिवावर बेततात

पहिली चूक, गळती हाताने चाचपणं. होज पाइपाच्या बारीक छिद्रातून सुटलेली ऑइलची धार कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी असते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र ऑइल मांस कुजवतं आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा लांब तुकडा वापरायचा. धार लागलीच, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं आणि ‘दाबाचं ऑइल आत गेलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

दुसरी चूक, उचललेल्या हौद्याखाली शिरणं. तो वर धरून ठेवलेला असतो फक्त ऑइलने. पाइप फुटला किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला, तर पळायला वेळ मिळत नाही. काम शक्यतो हौदा खाली ठेवूनच करायचं. वर ठेवावाच लागला, तर तो रिकामा हवा, कंपनीने दिलेला लोखंडी टेकू लावलेला हवा आणि इंजिन बंद हवं.

मिस्त्रीला काय विचारायचं?

सेकंदाला एक थेंब फारसा वाटत नाही. पण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि गळती सतत सुरू राहिली, तर दहा तासांत जवळपास पावणेदोन लिटर ऑइल जमिनीत जातं. म्हणजे थांबून चालत नाही, पण घाईत नुसतं सील बदलूनही भागत नाही.

पुढच्या वेळी पंप खोलला, की मिस्त्रीला चार गोष्टी विचारा. शाफ्टला चर आहे का? बेअरिंगमध्ये खेळ आहे का? ब्रीदर साफ आहे का? जुन्या सीलची कड झिजलीय, कापलीय की कडक झालीय? जुनं सील फेकून देऊ नका, हातात घेऊन नीट बघा. झिजलेली कड शाफ्टकडे बोट दाखवते, कापलेली बसवणाऱ्याकडे आणि कडक झालेली तापलेल्या ऑइलकडे. एवढं कळलं, की नवीन सीलवर केलेला खर्च वाया जात नाही.