सप्तशृंगगड : डोंगर हेच देऊळ

नाशिकहून दिंडोरी, वणी मागे टाकून नांदुरीला पोहोचले की सातमाळेची रांग आडवी येते. द्राक्षबागांचा सपाट मुलूख संपतो आणि काळ्या बसाल्टचे उभे कडे सुरू होतात. याच रांगेत अहिवंत, अचला, रवळ्या-जवळ्या, धोडप हे किल्ले आहेत, आणि त्यांच्यामध्ये सप्तशृंगगड. नाशिकपासून अंतर साठेक किलोमीटर. गड कळवण तालुक्यात असला तरी बोलताना सगळे ‘वणीची देवी’ म्हणतात. खानदेशातला माणूस तेही म्हणत नाही, तो नुसता ‘गडावर चाललो’ म्हणतो. कोणता गड, हे त्याला कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे ॐकाराच्या तीन मात्रा आणि सप्तशृंगी ही अर्धमात्रा, अशी त्याची परंपरेतली उपपत्ती. या ‘अर्ध्या’मुळे गडाचे महत्त्व कमी मानायचे कारण नाही. महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती या तिन्ही रूपांचा मेळ इथे आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

गाडीरस्ता नांदुरीपासून घाटाने वर जातो आणि शिखराखालच्या पठारावर संपतो. तिथे गाव, धर्मशाळा, दुकाने, नारळ-ओटीचे स्टॉल. देऊळ त्याच्याही वर, कड्याच्या पोटात. तिथवर सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. त्या बांधण्याचे श्रेय उमाबाई दाभाडे यांना दिले जाते. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या त्या पत्नी. १७२९ साली पती गेले, १७३१ साली डभईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडला, आणि त्यानंतर या बाईने सेनापतीच्या घराण्याचा कारभार स्वतः उचलला, गुजरातच्या मोहिमेत सैन्याबरोबर गेली. दाभाड्यांचे लक्ष गुजरातेकडे आणि तिकडच्या वाटा खानदेश-बागलाणातल्या. त्या मुलखाच्या देवीला त्यांच्या घरातून पायऱ्या अर्पण व्हाव्यात, हे मला फार साजेसे वाटते. आज पायऱ्या चढणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचे नाव माहीत असते? पायथ्याशी ते ठसठशीत लिहिलेले असायला हवे.

पायऱ्यांना पर्याय म्हणून २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. रुळांवरून चढणारी ही गाडी काही मिनिटांत वर नेते. म्हाताऱ्या माणसांची, गुडघे धरलेल्यांची, अपंगांची तिने मोठी सोय केली. पण पाय धड असतील तर पायऱ्यांनीच जावे. पायरीगणिक कुंकू लावत, नवस फेडत चढणाऱ्या बाया ट्रॉलीतून दिसत नाहीत.

वर गेल्यावर कळसाचे भव्य देऊळ शोधू नका. कड्यातच कोरलेली, आठ फुटांच्या आसपास उंचीची अठरा हातांची मूर्ती आहे आणि तिच्यापुढे मंडप. महिषासुराशी लढण्यासाठी देवांनी दिलेली आयुधे त्या हातांत : शंकराचा त्रिशूळ, विष्णूचे चक्र, वरुणाचा शंख, इंद्राचे वज्र, यमाचा दंड. मूर्ती इतकी मोठी की तिला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचे पाठ म्हणत आणि ते ऐकण्यासाठी देवीने कान दिला, अशी कथा गडावर कोणीही सांगतो. मंडपातून मागे वळून पाहा, तो मार्कंडेयाचा डोंगर खरोखरच समोर उभा आहे. कथा आणि भूगोल इतके नेमके जुळलेले फार थोड्या ठिकाणी सापडतात.

पिढ्यानपिढ्या लोकांनी पाहिलेले देवीचे रूप शेंदराचे होते. लेपावर लेप चढत गेले आणि मूळ कोरीव काम त्याखाली बुजले. २०२२च्या पावसाळ्यात दर्शन बंद ठेवून हे थर काढले गेले. एक हजार किलोहून अधिक शेंदूर निघाला. त्याखालून रेखीव डोळे आणि हातांतली आयुधे उघडी झाली, आणि त्या नवरात्रात लोकांनी हे रूप पाहिले. काही जुन्या भक्तांना ते अनोळखी वाटले, ते स्वाभाविकच आहे. तरी कोरणाऱ्याचा हात पुन्हा दिसू लागला, हे चांगलेच झाले असे मी म्हणेन.

गडाचे खरे दिवस चैत्रातले. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत चैत्रोत्सव चालतो. धुळे, जळगाव, नंदुरबार, मालेगाव या भागांतून माणसे पायी निघतात. खांद्यावर भगवा झेंडा, डोक्याला रुमाल. ऊन चाळिशीला टेकलेले, डांबर तापलेले, म्हणून चाल पहाटेची आणि रात्रीची. वाटेतल्या गावांत पाणी, ताक, कलिंगडाच्या फोडी, जेवणाच्या पंगती. खानदेश देवीला आई मानतो आणि आईच्या घरी जाणारा पाहुणा उपाशी जाऊ नये, एवढे साधे त्यामागचे गणित.

शिखरावरच्या ध्वजाची परंपराही अशीच जिवापाड जपलेली. चैत्र पौर्णिमेच्या आणि दसऱ्याच्या तोंडावर, वर्षातून दोनदा, देवळावरच्या सुळक्यावर कीर्तिध्वज लागतो. हा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. वर जायला पायऱ्या नाहीत, दोर नाही. ध्वज आणि पूजेचे साहित्य घेऊन त्या घराण्यातला माणूस रात्री चढतो आणि सकाळी खालच्या लाखभर डोळ्यांना शिखरावर नवे निशाण दिसते. कोजागरीला वेगवेगळ्या नद्यांचे पाणी घेऊन कावडी येतात, त्या पाण्याने देवीला अभिषेक होतो. त्याच पौर्णिमेला तृतीयपंथी भक्तही मोठ्या संख्येने गडावर जमतात आणि देवीच्या दारात त्यांना मानाने जागा मिळते.

घाटाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जानेवारी २००८मध्ये याच घाटात भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक जण गेले. धुक्यात, पावसात, रात्री उशिरा खाजगी गाडीने हा घाट करू नका. गर्दीच्या दिवसांत गाडी नांदुरीला ठेवून एस.टी.ने वर जाणे सोयीचे.

जायचे असेल तर दिवाळीनंतरचा एखादा साधा वार निवडा. दर्शन लवकर आटोपते, मग शिवालय तीर्थ, शीतकडा पाहायला वेळ उरतो. आणि तुमचे घर सटाणा, देवळा, कळवण या वाटांवर असेल, तर येत्या चैत्रात अंगणात पाण्याचा माठ आणि दोन स्टीलचे पेले नक्की ठेवा. प्लास्टिकचे पेले नकोत, ते वाऱ्याने गडाच्याच दरीत जातात.